तुझी जागा कोणती?

कामगारांच्या जीवनावरील चित्रपट म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक आराखडा उभा राहतो. भोंगा वाजतो, फाटकाशी सभा भरते, मालक क्रूर असतो, पुढारी निर्भय असतो आणि अखेरीस निशाण उंचावत मोर्चा पुढे सरकतो. असा चित्रपट पाहून कार्यकर्त्याला हुरूप येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो ज्या कामगाराच्या दारात जातो, तो कामगार पडद्यावरच्या कामगारासारखा नसतो. संपाच्या दिवशीही तो यंत्रापाशी उभा राहू पाहतो. मुकादमाने अपमान केला तर खाली मान घालतो आणि घरी आल्यावर त्याविषयी अवाक्षरही काढत नाही. आपल्या मुलाने साहेब व्हावे, निदान आपल्यासारखे होऊ नये, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा असते. या माणसाला आपण ‘जाणीव न झालेला’ असे म्हणून मोकळे होतो. त्याच्या मनात काय चालले आहे, हे समजून घेण्याचे कष्ट सहसा घेत नाही.

हे कष्ट ज्याने आयुष्यभर घेतले असा एक कलावंत म्हणजे फ्रेंच दिग्दर्शक आणि पटकथाकार लोराँ काँते. २५ एप्रिल २०२४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव चित्रपटांच्या इतिहासात राहीलच. परंतु समाजवादी विचाराच्या माणसाने त्यांच्याकडे वळावे, ते याहून निराळ्या कारणासाठी. वर्गसंघर्ष कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. तो जेवणाच्या टेबलावर येऊन बसतो, बाप आणि मुलगा यांच्यामध्ये उभा राहतो, शाळेच्या वर्गातील एखाद्या शब्दात लपतो. ही गोष्ट काँते यांच्याइतक्या शांतपणे आणि इतक्या निश्चयाने त्यांच्या पिढीतील फार थोड्या दिग्दर्शकांनी दाखवली.

काँते यांचा जन्म १९६१ मध्ये पश्चिम फ्रान्समधील मेल या लहान गावी, शिक्षक आईवडिलांच्या घरी झाला. पॅरिसच्या चित्रपट शिक्षणसंस्थेत त्यांना जे सहाध्यायी भेटले, ते पुढे आयुष्यभराचे सहकारी झाले. रोबँ कांपियो आणि जिल मार्शां ही त्यांपैकी दोन नावे. एकमेकांच्या पटकथा लिहायच्या, एकमेकांचे संकलन करायचे, अशी ही मंडळी होती. १९९४ मधील त्यांच्या एका लघुपटात पुढच्या साऱ्या कामाचे बीज आढळते. काही विद्यार्थी एका कॅफेत बसून मोर्चाची आखणी करत आहेत. घोषणा ठरत आहेत, उत्साह उतू जात आहे. त्यांना कॉफी आणून देणारा कॅफेमालकाचा मुलगा त्यांच्याच वयाचा आहे. पण तो या बैठकीत नाही, तो कामावर आहे. चळवळ करणाऱ्यांना आपल्या शेजारी उभा असलेला श्रमिक दिसत नाही, हा प्रसंग सांगण्यासाठी काँते यांना भाषण करावे लागले नाही. एक ट्रे आणि काही पेले पुरले.

त्यांना खरी ओळख मिळाली ती १९९९ मधील ‘रिसोर्स युमेन’, म्हणजे ‘मनुष्यबळ’, या चित्रपटाने. या चित्रपटाची पार्श्वभूमी आपल्या वाचकांनी मुद्दाम समजून घेतली पाहिजे. फ्रान्समध्ये तेव्हा लिओनेल जोस्पँ यांच्या नेतृत्वाखाली डाव्या पक्षांचे संयुक्त सरकार होते. मजूरमंत्री मार्तीन ओब्री यांनी कामाचा आठवडा ३९ तासांवरून ३५ तासांवर आणणारे दोन कायदे केले. पहिला जून १९९८ मध्ये, दुसरा जानेवारी २००० मध्ये. काम वाटून घ्यावे, बेकारी कमी व्हावी आणि श्रमिकाला स्वतःसाठी वेळ मिळावा, हा त्यामागील हेतू. समाजवाद्यांच्या जुन्या स्वप्नांपैकीच हे एक स्वप्न होते. परंतु कायद्यात एक वाट अशीही होती, की हे तास आठवड्याला न मोजता वर्षाला मोजता येत. दुसऱ्या कायद्याने ही मर्यादा वर्षाला १६०० तास अशी ठरवली. म्हणजे मागणी असेल तेव्हा कामगाराने जास्त तास राबायचे, नसेल तेव्हा घरी बसायचे, आणि हे वेळापत्रक प्रामुख्याने मालकाच्या सोयीने ठरायचे. श्रमिकांच्या हिताचा कायदा कारखान्याच्या दारातून आत गेल्यावर कसा पालटतो, हे पाहायचे असेल तर हा चित्रपट पाहावा.

कथा साधी आहे. फ्रांक नावाचा तरुण पॅरिसला व्यवस्थापनशास्त्र शिकून, उमेदवारी करण्यासाठी आपल्या गावच्या कारखान्यात येतो. ज्या कारखान्याच्या कचेरीत त्याला टेबल मिळते, त्याच कारखान्यात त्याचा बाप ३० वर्षे एका यंत्रापाशी उभा आहे. मुलगा साहेबांच्या बाजूने आत आला, याचा बापाला केवढा अभिमान! मुलगा हुशार आहे, सदिच्छेने भारलेला आहे. नव्या कायद्याविषयी कामगारांचे मत थेट त्यांनाच विचारावे, म्हणून तो एक प्रश्नावली तयार करतो. यात वाईट ते काय, असे आपल्यालाही वाटते. कामगार संघटनेच्या प्रतिनिधी मादाम आर्नू तेवढ्या संतापतात. त्यांचा संताप आरंभी आडमुठेपणाचा वाटतो. पण थोड्याच वेळात ध्यानात येते, की संघटनेला वगळून एकेकट्या कामगाराला विचारलेला प्रश्न कितीही लोकशाहीवादी दिसला, तरी तो प्रश्न कोणी विचारला आणि उत्तरे कोणाच्या टेबलावर गेली, यावर त्याचा अर्थ ठरतो. प्रश्नावली व्यवस्थापनाच्या कामी येते. दरम्यान, बारा कामगारांना कमी करण्याचे पत्र तयार असल्याचे फ्रांकच्या नजरेस पडते. त्या बारांत त्याच्या बापाचे नाव आहे.

इथून पुढे एखाद्या सामान्य चित्रपटात बाप जागा झाला असता. काँते यांचा बाप जागा होत नाही. मुलगा ते पत्र उघड करतो, संप होतो, सगळे बाहेर पडतात आणि बाप यंत्रापाशीच उभा राहतो. ज्याला काढून टाकले आहे, तोच काम थांबवायला तयार नाही. तेव्हा कारखान्याच्या मध्यभागी, सगळ्यांच्या देखत, मुलगा बापावर तुटून पडतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की तू मला शिकवलेस, वर चढवलेस, पण त्याबरोबर तुझ्या वर्गाची लाजही माझ्यात पेरलीस. आणि तुझा मुलगा असण्याची मला लाज वाटली, याचीच आता लाज वाटते. हा प्रसंग पाहताना कोणाची बाजू घ्यावी, हे कळेनासे होते. मुलगा म्हणतो ते खरे आहे. आणि तरीही, ३० वर्षे ज्या कामाच्या बळावर आपण हे घर उभे केले, ते काम म्हणजेच आपली अब्रू, असे मानणाऱ्या त्या बापाचे मौनही तितकेच खरे आहे. चित्रपटाच्या अखेरीस संपकरी एकत्र बसले आहेत, बापही तेथे येऊन बसला आहे. फ्रांक मात्र एकटा आहे. तो ना साहेबांत राहिला, ना कामगारांत. तुझी जागा कोणती, या प्रश्नावर चित्रपट संपतो.

कामगारवर्गातून शिकून वर आलेल्या प्रत्येक मुलामुलीला हा प्रश्न कधी ना कधी भेटतो. समाजवादी चळवळीने शिक्षणाचा पुरस्कार केला तो योग्यच केला. पण शिक्षणाने एकेका मुलाला त्याच्या वर्गातून उचलून बाहेर काढले आणि तो वर्ग जिथे होता तिथेच राहिला, तर त्या मुलाच्या वाट्याला जे दुभंगलेपण येते, त्याचा हिशेब आपण कोठे मांडला आहे? वेतनवाढ मोजता येते, तास मोजता येतात. लाज मोजता येत नाही. म्हणून आपल्या मागण्यांच्या यादीत ती कधी आली नाही.

काँते यांच्या कामाची पद्धतही त्यांच्या विचारांशी सुसंगत होती. ‘मनुष्यबळ’मध्ये फ्रांकची भूमिका करणारा जालील लेस्पेर वगळला, तर बहुतेक मंडळी व्यावसायिक नट नव्हती. बेकारांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयांतून त्यांनी माणसे शोधली आणि प्रत्येकाला त्याच्या खऱ्या कामाशी जुळणारी भूमिका दिली. मग तालमींतून या माणसांनी आपले शब्द आणले आणि पटकथा त्यानुसार बदलत गेली. कामगाराविषयी चित्रपट काढणे एक आणि कामगाराला त्या चित्रपटाचा सहलेखक करणे वेगळे. दुसऱ्या मार्गात वेळ लागतो, दिग्दर्शकाला आपला अधिकार थोडा बाजूला ठेवावा लागतो. काँते यांनी तो ठेवला.

२००१ मधील ‘लाँप्लवा द्यु ताँ’, म्हणजे ‘वेळापत्रक’, हा चित्रपट याच विषयाची दुसरी बाजू दाखवतो. व्हँसाँ हा मध्यमवर्गीय सल्लागार नोकरीवरून कमी झाला आहे. पण त्याने हे घरी सांगितलेले नाही. तो रोज मोटार घेऊन बाहेर पडतो, रस्त्यांवर दिवस काढतो आणि जिनिव्हात संयुक्त राष्ट्रसंघात काम मिळाल्याची थाप ठोकतो. मग थाप टिकवण्यासाठी मित्रांचे पैसे गुंतवणुकीच्या नावाखाली घेऊ लागतो. या कथेची प्रेरणा फ्रान्समधील एका खऱ्या घटनेत होती. अनेक वर्षे डॉक्टर असल्याचे सोंग वठवणाऱ्या एका माणसाने, उघडकीला येण्याच्या भीतीने, १९९३ मध्ये आपल्या कुटुंबाची हत्या केली होती. काँते यांनी हत्या वगळली. त्यांचा नायक अखेरीस एका नव्या नोकरीच्या मुलाखतीस बसतो, आणि ती मुलाखत पाहताना प्रेक्षकाच्या मनावर जे सावट येते, ते एखाद्या शिक्षेच्या सुनावणीचे असते. नोकरी गेल्यावर माणूस संपतो असे वाटणे आणि नोकरी मिळाल्यावर पिंजऱ्यात शिरल्यासारखे वाटणे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेच्या दोन कडा आहेत. बेकारीविषयी आपण आकड्यांत बोलतो. सकाळी आठ वाजता घराबाहेर पडून जायला कोठेच नसलेल्या माणसाविषयी बोलत नाही.

२००८ मध्ये आलेल्या ‘आंत्र ले म्युर’, म्हणजे ‘भिंतींच्या आत’, या चित्रपटाने काँते यांना कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून दिले. १९८७ मध्ये मोरीस पियाला यांना ते मिळाल्यानंतर २१ वर्षे कोणत्याही फ्रेंच चित्रपटाला ते लाभले नव्हते. फ्रान्स्वा बेगोदो या माजी शिक्षकाच्या पुस्तकावर तो आधारलेला होता आणि शिक्षकाची भूमिका बेगोदो यांनीच केली. पॅरिसच्या विसाव्या विभागातील एका माध्यमिक शाळेतील खरी मुले वर्षभर दर बुधवारी दुपारी एकत्र जमत आणि प्रसंग उभे करत. त्या मुलांत माली, चीन, उत्तर आफ्रिका अशा अनेक ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांतील मुले होती. जवळजवळ संपूर्ण चित्रपट शाळेच्या आवारातच घडतो. तरीही सारा फ्रान्स त्या भिंतींच्या आत मावतो.

शिक्षक सज्जन आहे. मुलांशी वाद घालतो, त्यांना बोलते करतो. व्याकरणातील एक क्रियारूप शिकवताना मुले त्याला विचारतात, की असे कोण बोलतो? त्या एका प्रश्नात भाषा कोणाची आणि शाळा कोणाची, हा सारा वाद आहे. पुढे रागाच्या भरात त्याच्या तोंडून दोन मुलींविषयी एक हलका शब्द निसटतो, त्यावरून तंटा वाढतो आणि शिक्षा होते ती सुलेमान या मालीवंशीय मुलाला. शिस्त समितीपुढे त्याची आई येते. तिला फ्रेंच येत नाही. आपला मुलगा चांगला आहे, घरी मदत करतो, असे ती आपल्या भाषेत सांगते. आणि त्याचे फ्रेंच भाषांतर करून समितीला सांगण्याचे काम त्या मुलावरच येते. आपल्या बचावाची साक्ष आपणच, मान खाली घालून, परक्या भाषेत भाषांतरित करायची! समिती नियमानुसार चालते, कोणी दुष्ट नाही, आणि मुलगा शाळेबाहेर जातो. वर्गव्यवस्था चालण्यासाठी दुष्ट माणसांची गरज नसते, हे सांगणारा इतका बोलका प्रसंग पडद्यावर क्वचितच आला असेल.

याच चित्रपटात वर्षाच्या शेवटी एस्मेराल्दा ही उद्धट म्हणून ओळखली जाणारी मुलगी सहज सांगून टाकते, की तिने प्लेटोचे ‘रिपब्लिक’ वाचले आहे. आणि त्यानंतर एक गप्प बसणारी मुलगी शिक्षकाजवळ येऊन म्हणते, की मी वर्षभरात काहीच शिकले नाही. एक मुलगी शाळेने न देताही मिळवते, दुसरी शाळेत बसूनही रिकामी राहते. फ्रान्समधील काही शिक्षकांना हा चित्रपट आपल्या पेशावरील टीका वाटला. मला तो त्या पेशाविषयीच्या आस्थेने भरलेला वाटतो. कारण समतेचे वचन देणारी संस्था कोठे अडखळते, हे तिच्यावर विश्वास असलेला माणूसच इतक्या बारकाईने पाहतो.

काँते यांच्याविषयी डाव्या वर्तुळांत एक आक्षेप घेतला जाई, तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ते प्रश्न दाखवतात, वाट दाखवत नाहीत; त्यांच्या नायकांना एकाकी सोडून देतात. यात तथ्याचा अंश आहे. १९७० च्या दशकातील हैतीमध्ये, द्युव्हालिए यांच्या हुकूमशाहीत, शरीरसुखासाठी येणाऱ्या उत्तर अमेरिकन स्त्रियांवर त्यांनी २००५ मध्ये जो चित्रपट काढला, त्यात त्या गोऱ्या स्त्रिया कॅमेऱ्याकडे पाहून आपले मन मोकळे करतात. ज्याच्याभोवती हे सारे फिरते, तो हैतीचा तरुण लेग्बा मात्र असे बोलत नाही. दिग्दर्शकाने हे हेतुतः केले असेल, तरी ज्याचे शोषण झाले त्याचा आवाज ऐकण्याची आपली भूक तशीच राहते. पण ‘वाट दाखवत नाही’ या आक्षेपाला माझे उत्तर असे, की वाट दाखवणे हे चळवळीचे काम आहे. आपण ते नीट केले नाही, म्हणून ते चित्रपटावर ढकलणे बरे नव्हे. चित्रपटाने आपल्याला माणूस नीट दाखवला, तर त्याने आपला वाटा उचलला.

आणि काँते नागरिक म्हणून बाजूला उभे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्समध्ये कागदपत्रांवाचून राबणाऱ्या हजारो स्थलांतरित कामगारांनी २००९ च्या ऑक्टोबरमध्ये संप सुरू केला, तेव्हा त्यांच्या समर्थनार्थ एकत्र आलेल्या चित्रपटकारांत ते अग्रभागी होते आणि त्या मोहिमेसाठी २०१० मध्ये काढलेल्या लघुपटातही त्यांचा सहभाग होता.

आपल्याच बाजूविषयीचे कटू सत्यही त्यांनी टाळले नाही. २०१४ मध्ये त्यांनी क्यूबन लेखक लेओनार्दो पादुरा यांच्यासह पटकथा लिहून हवानात एक चित्रपट केला. एका गच्चीवर पाच जुने मित्र रात्रभर बोलत बसतात. क्रांतीवर त्यांची श्रद्धा होती. ती कशी विरत गेली आणि भीती तिच्या जागी कशी बसली, हे ते एकमेकांना सांगतात. त्या वर्षीच्या हवाना चित्रपट महोत्सवातून तो चित्रपट वगळण्यात आला. ज्यांना समाजवाद आणि स्वातंत्र्य ही एकाच नाण्याची दोन अंगे वाटतात, त्यांनी या घटनेवर गप्प बसू नये. अमेरिकेच्या नाकेबंदीचा निषेध करणे आणि गच्चीवरील त्या पाच मित्रांचे ऐकून घेणे, या दोन गोष्टींत विसंगती नाही.

२०१७ मध्ये आलेल्या चित्रपटासाठी काँते दक्षिण फ्रान्समधील ला सिओता या बंदराच्या गावी गेले. ल्युमिएर बंधूंनी आगगाडीच्या आगमनाचे आपले सुप्रसिद्ध चित्रण याच गावच्या स्थानकावर केले होते. पुढे येथे हजारो कामगारांची जहाजबांधणी गोदी उभी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली, आणि कामगारांनी ती वाचवण्यासाठी दीर्घ लढा दिला. ‘लातलिए’ या चित्रपटात एक लेखिका गावातील तरुणांसाठी लेखनाची कार्यशाळा घेते. गोदीच्या लढ्याची आठवण त्या मुलांपैकी काहींना आजोबांची जुनी गोष्ट वाटते. त्यांच्यातील आंत्वान हा बुद्धिमान, चिडखोर मुलगा अतिउजव्या प्रचाराकडे ओढला जात आहे. का? त्याला उपाशी ठेवले म्हणून नव्हे. त्याच्या आयुष्यात काही घडत नाही, कोणी त्याला कशासाठी हाक मारत नाही, म्हणून. ज्या गावात एकेकाळी संघटना तरुणाला घडवत होती, तिथे ती जागा मोकळी पडली, आणि मोकळी जागा द्वेषाने भरली. आपण ज्याला प्रतिगाम्यांचा विजय म्हणतो, तो कित्येकदा आपण सोडून दिलेल्या जागेचा ताबा असतो.

काँते यांचा शेवटचा चित्रपट त्यांना पुरा करता आला नाही. ‘एन्झो’ हा सुखवस्तू घरातील सोळा वर्षांचा मुलगा गवंडीकाम शिकायला जातो, ही त्याची कथा. मित्र कांपियो यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि २०२५ च्या कान महोत्सवातील एका विभागाचा प्रारंभ त्याने झाला. लोराँ काँते यांचा चित्रपट, दिग्दर्शन रोबँ कांपियो, अशा शब्दांत तो लोकांपुढे आला. ‘मनुष्यबळ’मधील मुलगा यंत्रापासून कचेरीकडे गेला होता; हा मुलगा बंगल्यातून विटांकडे येतो. पंचवीस वर्षांनी काँते यांनी तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. दोघांनाही आपली जागा सापडलेली नाही.

संघटनेचे काम करणाऱ्यांनी हे चित्रपट मिळवून पाहावेत, एकत्र बसून पाहावेत, आणि पाहून झाल्यावर लगेच चर्चासत्र भरवू नये. यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या त्या बापाला थोडा वेळ मनात राहू द्यावे. पुढच्या वेळी असा माणूस भेटला, की आपले पत्रक त्याच्या हाती देण्याआधी त्याच्या शेजारी बसून, त्याने ३० वर्षे काय केले, हे त्याच्याच तोंडून ऐकावे.